सहीपुरता डॉक्टर

लेटरहेडवर टाइप केलेलं एक पान. उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट साइझचा फोटो, त्यावर अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल असा मारलेला शिक्का. खाली चार-सहा ओळी: सोबतच्या छायाचित्रातील व्यक्ती अमुक महिन्यांपासून माझ्या देखरेखीखाली आहे, तिची विचारप्रक्रिया सुसंगत आहे, भ्रम-भास आढळले नाहीत, निदान अमुक, हार्मोन उपचारांस व शस्त्रक्रियेस मानसिकदृष्ट्या पात्र. मग सही आणि नोंदणी क्रमांक. पारलिंगी मंडळींत या पानाला अजूनही ‘जीआयडी सर्टिफिकेट’ म्हणतात. ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’ हे निदान अमेरिकन मनोविकार संघटनेने 2013 साली आपल्या पुस्तकातून काढून टाकलं आणि त्या जागी ‘जेंडर डिस्फोरिया’ आणलं. पण ओपीडीच्या रांगेत जुनंच नाव चालतं.

असं एक पान पुरत नाही. बरेच सर्जन दोन मागतात, एक मनोविकारतज्ज्ञाचं आणि एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. दुसऱ्याकडे पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी हवी. त्याच्या जोडीला स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. काही ठिकाणी आई-वडिलांची सही, रुग्ण तिशी ओलांडलेला असला तरीही. आणि ही पानं हातात पडण्याआधी शाईच्या डागांची रोर्शाक चाचणी, व्यक्तिमत्त्वाची लांबलचक प्रश्नावली, बुद्ध्यांक, कधी कधी गुणसूत्रांची तपासणीसुद्धा. आपण पुरुष आहोत हे सांगायला आलेल्या माणसाचा बुद्ध्यांक कशाला लागतो, हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मूल्यमापन नकोच, असं माझं म्हणणं नाही. टेस्टोस्टेरॉननं घोगरा झालेला आवाज औषध थांबवल्यावर परत बारीक होत नाही, काढलेला अवयव परत बसत नाही. एवढा मोठा निर्णय घेणाऱ्याशी कोणीतरी जाणत्यानं शांतपणे बसून बोलावं, यात गैर काहीच नाही. माझा प्रश्न त्या बोलण्याच्या हेतूचा आहे. खुर्चीत बसलेला डॉक्टर रुग्णासाठी बसलाय की दारावर बसलाय? दारावर बसला असेल, तर रुग्ण त्याच्याशी कसा वागेल हे ओळखायला मानसशास्त्र लागत नाही. आपल्याकडे शाळेच्या प्रवेशासाठी आलेले पालकही मुलाखतीत घरातलं भांडण सांगत नाहीत.

या दारावरच्या खुर्चीचा इतिहास फार जुना नाही, आणि त्यातली एक गोष्ट तर इतकी बोलकी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. 1958 साली लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मनोविकार विभागात एकोणीस वर्षांची एक टायपिस्ट आली. अभ्यासकांनी तिला ‘अ‍ॅग्नेस’ हे टोपणनाव दिलं. दिसायला, वागायला, बोलायला चारचौघींसारखी तरुणी, मात्र जननेंद्रिय पुरुषाचं. तिचं म्हणणं असं की वयात येताना स्तन आपोआप वाढले, बाहेरून काहीही घेतलं नाही. रॉबर्ट स्टोलर हे तिथले मनोविकारतज्ज्ञ, लिंगओळख या विषयातलं पुढं फार मोठं झालेलं नाव. त्यांनी आणि समाजशास्त्रज्ञ हॅरोल्ड गारफिंकेल यांनी तिच्याशी तासन् तास गप्पा मारल्या, तपासण्या झाल्या. हा शरीरातलाच दुर्मीळ दोष आहे असा निष्कर्ष निघाला आणि 1959 मध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. त्या काळात शरीरात असा काही ‘दोष’ नसता, तर त्या विभागातून तिला नकारच मिळाला असता.

काही वर्षांनी अ‍ॅग्नेस स्टोलरना भेटायला आली आणि बोलता बोलता सांगून गेली, की बाराव्या वर्षापासून ती आईच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या चोरून खात होती. आईचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणून गोळ्या घरात होत्या. गारफिंकेल यांचं पुस्तक 1967 मध्ये आलं, तेव्हा त्यांना त्या प्रकरणाला हे सांगणारी पुरवणी जोडावी लागली. दोन नामांकित तज्ज्ञांची परीक्षा एका टायपिस्टनं घेतली होती. मला यात फसवणूक दिसत नाही. दाराला एकच किल्ली लागत होती, तिनं ती किल्ली बनवली.

पुढं हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. न्यूयॉर्कमधले डॉक्टर हॅरी बेंजामिन यांनी 1966 मध्ये या विषयावरचं पहिलं मोठं वैद्यकीय पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्समध्ये क्लिनिक सुरू झालं. तिथं आणि इतरत्र येणारे रुग्ण बेंजामिन यांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळू लागले: लहानपणापासून तीव्र जाणीव, स्वतःच्या शरीराचा तिटकारा, लैंगिक सुखात रस नाही. सँडी स्टोन या पारलिंगी विदुषीनं नंतर दाखवून दिलं, की रुग्णांनीही ते पुस्तक वाचलेलं होतं. हातोहात फिरत होतं ते. डॉक्टरांना आपलं निदान अचूक असल्याचा पुरावा मिळत होता आणि रुग्णांना शस्त्रक्रिया. ज्यांना लहानपणी काही जाणवलं नव्हतं, जे गोंधळलेले होते, ज्यांना अर्धंच बदलायचं होतं, अशांनी एक तर तोंड बंद ठेवलं किंवा पाठ केलेली कहाणी सांगितली. वैद्यकाला त्यांची माहितीच मिळाली नाही.

बेंजामिन यांच्या नावानं निघालेल्या संघटनेनं 1979 मध्ये उपचारांचे पहिले निकष काढले. आज तिचं नाव डब्ल्यूपॅथ आहे, आणि निकषांची आठवी आवृत्ती सप्टेंबर 2022 मध्ये आली. सातव्या आवृत्तीपर्यंत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेला दोन तज्ज्ञांची पत्रं लागत. आठव्या आवृत्तीत प्रौढांसाठी एक पुरे म्हटलंय. तो तज्ज्ञ मनोविकारतज्ज्ञच हवा असंही नाही. मानसोपचाराची बैठक सक्तीची नाही. तपासायचं ते एवढंच, की लिंगओळखीतली विसंगती ठळक आणि टिकून राहिलेली आहे का, माणसाला उपचाराचे परिणाम कळतात का, संमती देण्याची क्षमता आहे का, मूल होण्यावरचा परिणाम समजलाय का, आणि उपचारात अडथळा आणणारं दुसरं दुखणं असेल तर त्याकडे लक्ष दिलंय का. आपल्याकडची दोन सह्यांची पद्धत जुन्या आवृत्तीतून आली आणि तिथंच थांबली.

ती थांबण्यामागे भीती आहे, आणि ती भीती अगदीच खोटी नाही. भारतीय दंडविधानाच्या कलम 320 मध्ये ‘जबर दुखापती’च्या यादीत पहिल्याच क्रमांकावर पुंसत्व नष्ट करणं होतं, आणि जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. रुग्णाच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीनं, सद्हेतूनं केलेल्या कृतीला संरक्षण आहे, पण पोलीस ठाण्यात बसलेल्या बापासमोर ते कलम कोण वाचून दाखवणार? म्हणून सर्जन कागद गोळा करतो. ते प्रमाणपत्र बरेचदा रुग्णाच्या मनाबद्दल नसतंच, ते सर्जनच्या बचावाचं असतं. हे उघडपणे मान्य केलं असतं तरी बरं झालं असतं. निदान शाईचे डाग तरी वाचले असते.

कायद्याची चाल मात्र उलट्या दिशेनं होती. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘नालसा’ निकाल दिला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. लिंगओळख ज्याची त्यानं ठरवायची, ती मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा, असं न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिकरी यांनी म्हटलं. त्याच निकालात शरीराच्या कसोटीऐवजी मनाच्या कसोटीला प्राधान्य दिलं होतं. अर्थ सरळ होता, माणसाचं मन काय सांगतं ते बघा. पण सरकारी टेबलावर ‘कसोटी’ आली की परीक्षक येतोच. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2016 च्या विधेयकात जिल्हा छाननी समिती आली. तिच्यात वैद्यकीय अधिकारी आणि मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ बसणार होते. देशभर विरोध झाला, 2019 च्या कायद्यातून समिती गेली. एप्रिल 2020 च्या नियमांच्या मसुद्यात मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागच्या दारानं परत आला. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा काढला. सप्टेंबर 2020 च्या अंतिम नियमांत जिल्हाधिकाऱ्यानं वैद्यकीय तपासणीविना ओळखपत्र द्यावं असं लिहिलं गेलं. पण हे सगळं कागदावरच्या ओळखीचं. इंजेक्शन आणि सुरीपर्यंत पोचायचं, तर दारावरची खुर्ची जिथल्या तिथंच.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचला तो बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या पोलीस ठाण्यामुळे. ललित साळवे तेव्हा महिला शिपाई म्हणून नोकरीला होते. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी महिन्याभराची रजा मागितली. अर्ज नाकारला गेला. पुरुष आणि महिला शिपायांच्या भरतीचे उंची-वजनाचे निकष वेगळे, तेव्हा या बदलानंतर नोकरीचं काय करायचं, हा खात्यापुढचा पेच. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालय म्हणालं, हा नोकरीचा प्रश्न आहे, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा. तपासण्यांत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळलं होतं, आणि जे. जे. रुग्णालयातल्या तपासणीत लिंगओळखीच्या विसंगतीचं निदान झालं होतं. अखेर मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर हललं, गृहखात्यानं परवानगी दिली आणि 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा पार पडला. ते ललित म्हणून कामावर हजर झाले. 2020 मध्ये लग्न झालं, 2024 च्या जानेवारीत घरात मुलगा आला.

या गोष्टीचा शेवट गोड म्हणून आपण ती आनंदानं सांगतो. मला तिच्यातला मधला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर तयार, रुग्ण तयार, सरकारी रुग्णालय तयार, आणि तरीही उच्च न्यायालय, न्यायाधिकरण आणि मुख्यमंत्री अशी पायपीट. शिवाय साळवे यांच्या बाजूनं गुणसूत्राचा अहवाल होता. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत तो वाय ठळकपणे यायचा, जणू शरीरानं साक्ष दिली म्हणून मनाचं ऐकलं. बहुतेक ट्रान्स पुरुषांकडे असा कुठलाही अहवाल नसतो. त्यांची गुणसूत्रं इतर कुठल्याही बाईसारखीच निघतात. त्यांच्याकडे असतं ते फक्त त्यांचं म्हणणं.

समजा, लातूरजवळच्या एखाद्या गावातला पंचविशीतला मुलगा आहे. घरचे त्याला अजून मुलगी समजतात, स्थळं बघताहेत. छाती दिसू नये म्हणून तो आत घट्ट पट्टा बांधतो, उन्हाळ्यातही. त्याला हार्मोन सुरू करायचेत. देशात लाखभर लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा येत नाही, आणि जे आहेत ते शहरांत. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्याच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरनं ‘असली केस’ कधी हाताळलेली नाही, आणि गावात बातमी फुटायला कंपाउंडर पुरतो. म्हणून रात्रीची एसटी धरून पुणे. पहिल्या भेटीत इतिहास, दुसऱ्या भेटीत चाचण्या, मग ‘आई-वडिलांना घेऊन ये’. घरच्यांपासून लपवून आलेल्या मुलाला हे वाक्य कसं ऐकू येतं, याचा विचार करून बघा. कायद्यानं तो सज्ञान आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा लिंग किंवा लैंगिक कलावरून भेदभाव न करता सेवा द्या असं सांगतो. समाजाच्या नैतिक चौकटीत न बसणं म्हणजे मनोविकार नव्हे, असंही तो कायदा म्हणतो.

आता या मुलाला रात्र रात्र झोप लागत नाही असं समजा. दोनदा जीव द्यायचा विचार मनात येऊन गेलाय. हे तो त्या खोलीत सांगेल? सांगितलं तर डॉक्टर ‘आधी डिप्रेशन बरं करू, मग बघू’ म्हणेल आणि फाइल सहा महिने बाजूला पडेल, अशी त्याची खात्री असते, कारण आधी जाऊन आलेल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तसंच सांगितलेलं असतं. म्हणून तो सांगतो, सगळं छान आहे, झोप लागते, भूक लागते, लहानपणापासून फक्त गाड्यांशीच खेळलो. डॉक्टर लिहितो, आत्महत्येचे विचार नाहीत. अ‍ॅग्नेसच्या वेळेला गोळ्या लपल्या होत्या, इथं आजार लपतो. ज्या खोलीत सगळ्यात आधी ही गोष्ट बोलली जायला हवी, नेमक्या त्याच खोलीत ती बोलायची सोय नाही. मूल्यमापनाच्या जुन्या पद्धतीवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. ती कडक आहे म्हणून मला तिच्यावर राग नाही. ज्यासाठी ती बसवली तेच तिला सापडत नाही.

आणि दार बंद असलं म्हणून माणसं परत जात नाहीत, बाजूनं जातात. हिजडा समुदायात मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या विकत घेऊन खाण्याची पद्धत जुनी आहे. छाती भरावी, अंगावर मऊपणा यावा म्हणून एकीनं दुसरीला सांगितलेला डोस, दिवसाला दोन, चार, कितीही. माला-डीसारख्या गोळीतलं इथिनिल इस्ट्राडिओल हे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणारं रसायन. हार्मोनतज्ज्ञ या कामासाठी वेगळं, साधं इस्ट्राडिओल देतात आणि पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर पोटॅशियम तपासतात. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं रक्त दाट होऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावं लागतं. या तपासण्या महाग नाहीत, अवघडही नाहीत. त्या लिहून द्यायला समोर डॉक्टर लागतो, एवढंच. शस्त्रक्रियेच्या बाबतीतही दाई अम्माच्या हातून होणारं ‘निर्वाण’, म्हणजे लिंगविच्छेद, ही काही पोथीतली गोष्ट नाही. भूल नाही, रक्त चढवायची सोय नाही. दोन सह्यांच्या अटीनं सुरक्षितता वाढते असं म्हणणाऱ्यांनी हा हिशोबही मांडायला हवा.

यावर दुसरी वाट जगात रुळलेली आहे. बॉस्टनचं फेनवे आणि न्यूयॉर्कचं कॅलन-लॉर्ड या आरोग्य केंद्रांत प्रौढांना माहितीपूर्ण संमतीवर हार्मोन देतात. डॉक्टर परिणाम-दुष्परिणाम समजावतो, समजलं की नाही ते बघतो, संमती घेतो, रक्त तपासतो. समुपदेशक शेजारच्या खोलीत असतो, हवा त्याला. अर्जेंटिनानं तर 2012 च्या कायद्यानंच निदानाची अट काढली. अठराच्या आतल्या मुलांचा प्रश्न निराळा आणि खरोखर अवघड आहे. ब्रिटनमध्ये मुलांच्या उपचारांबद्दलच्या एप्रिल 2024 च्या कॅस अहवालानंतर त्यावर पेटलेला वाद अजून शमलेला नाही. पण मुलांबद्दलच्या शंका पुढं करून तिशीतल्या माणसाला आईची सही मागणं हे काही सावधपणाचं लक्षण नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेनं तर पाया बदललाच आहे. आजारांच्या वर्गीकरणाच्या, म्हणजे आयसीडीच्या, अकराव्या आवृत्तीत लिंगओळखीतली विसंगती मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. 1 जानेवारी 2022 पासून ती लागू झाली. पण ओपीडीच्या कागदांवर अजून दहाव्या आवृत्तीतला मनोविकाराचा कोड, एफ 64, दिसतो. सवय.

सवयी कॉलेजात लागतात, आणि त्या मोडायचा एक प्रयत्न न्यायालयातून झाला. जून 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी एका खटल्यात, आपल्याला या विषयाची पुरेशी समज नाही हे मोकळेपणी मान्य करून, आधी मानसशास्त्रज्ञाकडे बसून तो समजून घेतला आणि मग निकाल दिला. लैंगिकता वा लिंगओळख ‘बरी’ करण्याच्या उपचारांवर त्यांनी बंदीचे आदेश दिले. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं जाहीर केलं. आणि त्याच आयोगाच्या 31 ऑगस्ट 2024 च्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यकाच्या पानांवर समलिंगी स्त्रियांचे संबंध ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’त परत येऊन बसले! ओरड झाल्यावर 5 सप्टेंबरला ती पानं मागे घेतली. ती मसुद्यात टाकणारा हात कोणाचा तरी होताच, आणि तो हात कुठंतरी विद्यार्थ्यांना शिकवत असणार. उलट बाजूला मुंबईच्या मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हनं 2019 पासून समुपदेशकांसाठी खास अभ्यासक्रम चालवलाय, टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ हेल्पलाइन 2012 पासून फोन घेते. पण हे सगळं एमबीबीएसच्या बाहेर.

पैशाची बाजू थोडी सुधारली, निदान योजनेत. ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान भारतखाली पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांचं संरक्षण जाहीर झालं, शस्त्रक्रियेसह. त्याला ओळखपत्र लागतं. लातूरच्या त्या मुलाला ते काढायचं तर आधी घरातून बाहेर पडावं लागेल.

चांगलं मूल्यमापन कसं असतं हे एका प्रश्नावरून ओळखता येतं: पुढं मागं मूल हवंय का? जुन्या पद्धतीत हा सापळा. ट्रान्स पुरुषानं ‘हो, आवडेल’ म्हटलं की डॉक्टरच्या कपाळाला आठी, आई व्हायची इच्छा शिल्लक आहे म्हणजे पुरुषपण कच्चं. म्हणून शहाणा रुग्ण लगेच ‘छे, मुळीच नाही’ म्हणून मोकळा होतो. तोच प्रश्न डब्ल्यूपॅथच्या आजच्या निकषांतही आहे, पण तिथं तो नियोजनाचा आहे. टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी बीजांडं गोठवून ठेवायची का? इस्ट्रोजेनआधी शुक्राणू साठवायचे का? बाविसाव्या वर्षी ‘नको’ वाटतं आणि पस्तिसाव्या वर्षी हवंसं होतं, हे काही पारलिंगी माणसांपुरतं खरं नाही. हा प्रश्न न घाबरता ऐकता आला आणि त्याचं खरं उत्तर देता आलं, तर त्या खोलीत डॉक्टर आणि रुग्ण बसलेत असं म्हणता येईल.

त्यानंतरचा अडथळा मात्र डॉक्टरच्या हातात नाही. 2021 च्या सहाय्यित प्रजनन कायद्यानं ही सेवा विवाहित जोडप्याला आणि एकट्या स्त्रीला खुली केली, एकट्या पुरुषाला नाही. पारलिंगी व्यक्तीचा त्यात उल्लेखच नाही. डॉक्टरनं नीट विचारलं, रुग्णानं खरं सांगितलं, बीजांडं गोठवली, तीन वर्षांनी कागदोपत्री नाव आणि लिंग बदललं, तर आता एकटा पुरुष असलेला तो माणूस ती वापरायला कोणत्या रकान्यात अर्ज भरणार? त्या कायद्यात त्याच्यासाठी रकाना नाही.